अलेफची रिकामी जागा

अष्टागरात हिब्रू मुळाक्षरं हनोखमामांइतकी कुणालाच येत नाहीत. बावीसपैकी चौदा येतात, आणि त्यातली दोन एकमेकांच्या नावाने. म्हणून मामा चित्रांवरून शिकवतात. सिनेगॉगच्या पडवीत बावीस तैलचित्रं उजवीकडून डावीकडे टांगलेली आहेत, आणि त्यातल्या पहिल्या चित्रातला माणूस ज्यू नववर्षानंतरच्या मागल्या खिरीच्या सणापासून बोलतो.

हा माणूस कावडवाला. कावडीचा दांडा खांद्यावर तिरपा, एक हंडा वर, एक खाली. लांबून बघा, अलेफ हे अक्षर दिसतं. अलेफला स्वतःचा आवाज नसतो. नुसतं उभं राहायचं काम. ते त्याने एकतीस वर्षं बिनतक्रार केलं आणि एका सकाळी म्हणाला, "मामा, खांदा बदलू द्या."

"बदललास तर अक्षर उलटं होईल."

"मग हंडे रिकामे करा."

"अरे, तैलरंगातलं पाणी मी ओतू कुठे?"

हे कावडवाल्याला पटलं. बोलणं मात्र सुटलं नाही. लामेद या उंच अक्षराच्या चित्रात माडावर चढलेला गडी याबद्दल तक्रार करणार होता. पण तक्रार लेखी लागते आणि त्याचे दोन्ही हात माडाला.

रविवारी ठाण्याहून वर्गतपासनीस मिलकाबाई पेझारकर मामांच्या मुलांची परीक्षा घ्यायला आल्या. निकाल वाईट लागला तर वर्ग बंद, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. मामी गेलेल्या, मुलगी दूर परदेशी, बीरशेबाला. मामांकडे आठवड्यातला एवढा एक रविवार आणि त्यातली पाच मुलं उरली होती. बाई यायच्या आधी त्यांनी कावडवाल्याला विनवलं, "आजचा दिवस तोंड मीट रे बाबा." त्याने मान हलवली. हंडे हिंदकळले.

बाईंनी सहावीतल्या सिम्हाला उभं केलं. "अलेफचा आवाज कसा?"

"आई गं, खांदा गेला," सिम्हा म्हणाली. बाकीच्या चौघांनीही तेच सांगितलं, सुरात.

"अलेफला आवाज नसतो."

"आमच्याला आहे."

मामांनी छताकडे पाहिलं. बाई चित्रापुढे गेल्या, चष्मा पुसला आणि विचारलं, "कुठला खांदा?"

"उजवा," कावडवाला म्हणाला. विचारलं म्हणून सांगितलं.

बाईंनी वहीत लिहिलं: मुले उत्तीर्ण. अक्षर अनुत्तीर्ण, विश्रांतीसाठी रजेवर पाठवावे. कावडवाल्याने कावड चित्रातच टेकवली, चौकटीवर पाय देऊन खाली उतरला, मिलकाबाईंना नमस्कार केला आणि खांदा चोळत नाक्यावर चहाला गेला.

"आता ही जागा माझ्यासमोर भरा," बाई म्हणाल्या. "पहिल्या अक्षराशिवाय वर्ग चालू ठेवता येणार नाही."

"त्यात काय, मी उभा राहतो की," मामा चौकटीत एक पाय घालत म्हणाले. "खांदे अजून शाबूत आहेत, बघा हात लावून. नागावच्या विहिरीवरून पाणी आणायचो मी, दोन-दोन खेपा, आणि वाटेत कोण भेटेल त्याच्याशी गप्पा, थेंब सांडायचा नाही. एकदा तर काय झालं, आमचा शालोम तेली—"

"हनोखमामा," बाई म्हणाल्या, "खांद्याचं कुणी विचारलंय? तुम्हाला गप्प राहता येईल का?"