चार गाड्यांचं वऱ्हाड

"आपल्या वऱ्हाडात एकबी सीट रिकामी जायची न्हाई!" गेवराईच्या घरी लॅपटॉप मांडीवर घेऊन सत्यमनं जाहीर केलं. थोरल्या भावाचं, हनुमानचं लग्न घाटनांदूरला होतं आणि गाड्यांचं काम त्यानं स्वतःहून अंगावर घेतलं होतं. पुण्याच्या नोकरीचा काहीतरी उजेड पडायला नको का!

"फुकटातलं सॉफ्टवेअर हाय, आबा," तो वडिलांना सांगत होता. "जगातल्या लोकांनी मिळून लिहिलंय, कुणीबी वापरावं. अटी सांगा, कमीत कमी गाड्या काढून देतंय. अर्धा माणूस ह्या गाडीत, अर्धा त्या गाडीत, असलं करत न्हाई!"

"मग लिही," आबा म्हणाले. "आप्पाराव आन् विठ्ठलराव एका गाडीत नगं. बांधाचं भांडण मिटलं न्हाई."

"मी नवरदेवाच्याच गाडीत!" रुक्मिणीआत्या आतून ओरडली. मावशीला गाडी लागते, तिला खिडकी. जेवढे रुसवे, तेवढ्या अटी! शिवाय प्रत्येक क्रूझर गाडीत पोरंटोरं मांडीवर घेऊन कोंबता येतील तेवढी माणसं सत्यमनं आधीच धरली होती. उत्तर आलं: पाचाऐवजी चार गाड्या! त्यानं पाचवी गाडी लगेच रद्द केली.

वऱ्हाड झोकात पोचलं. लग्न लागलं, जेवणं झाली, रडारड झाली. आईच्या गळ्यातून हात सोडवून रोहिणी, नवी नवरी, गाडीपाशी आली. आत नवरदेव, आत्या, सत्यम, करवल्या, सगळे गच्च बसलेले! ती दारातच उभी राहिली.

"सत्यम," हनुमान हळूच म्हणाला, "हिला कुठं बसवायचं बे?"

 येताना नवरी नव्हती, म्हणून सत्यमनं तिला मोजलंच नव्हतं! त्यानं खाली उतरून बॉनेटवर लॅपटॉप उघडला, तिचं नाव घातलं. उत्तर आलं: शक्य नाही. बँडवाले वाजवायचे थांबून बघायला लागले.

"शक्य न्हाई?" नवरीचे वडील कडाडले. "पोरगी हितंच ठिवून जाताव का काय?"

आबांनी मान खाली घातली. ती घातलेली मान बघून सत्यमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या उतरणार नव्हती, आप्पाराव-विठ्ठलराव जागा सोडणार नव्हते. वगळता येईल असा एकच माणूस उरला होता.

"बसा वहिनी," तो पुटपुटला आणि बाजूला झाला.

गाड्या गेल्या. गेवराईची एसटी आता सकाळीच होती. रडणाऱ्या बायकांच्या घोळक्यात सत्यम लॅपटॉप छातीशी धरून उभा राहिला. नवरीच्या आईनं, बायनाबाईंनी, पदरानं डोळे पुसले आणि त्याला खालवर न्याहाळलं.

"पाव्हणं, आमी पोरगी दिली, पर बदल्यात पोरगं न्हाई मागितलं!"