आत्मचरित्रातली तारामती

सासूला आपलं ऑफिस दाखवावं, पण कंप्युटरची फुशारकी मारू नये. उदयने मारली. हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या त्या ऑफिसात नुकतंच अमेरिकेचं काम येऊ लागलं होतं, त्यामुळे जावयाची मान जरा ताठ होती. सासऱ्यांचं, म्हणजे भगवंतरावांचं आत्मचरित्रही त्याने तिथेच टाइप केलं होतं. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, कारण त्या यंत्राला देवनागरीचा गंध नव्हता.

"आई, अख्ख्या पुस्तकातून कुठलाही शब्द चुटकीसरशी शोधतो हा. सांगा एखादा."

तारामतीबाई किंचित लाजल्या. "माझं नाव शोधा बघू, उदयराव."

उदयने ग्रेपची, म्हणजे शब्द शोधायची आज्ञा दिली. पडद्यावर काहीच आलं नाही.

"सापडलं नाही की हा गप्प बसतो," तो चाचरत म्हणाला.

"आमचे हे सापडलं तरी गप्पच असतात. बायको शोधा."

एक ओळ आली. शेजारच्या रेड्डींची बायको लोणचं झकास घालत असे.

"आता स्कूटर शोधा."

ओळींमागून ओळी धावू लागल्या, थांबेचनात.

"उद्या मराठी मंडळात हेच वाचणार ना हे?" तारामतीबाई पदर सावरत उठल्या. "चार बायकांत माझं नाव एकदा तरी येऊ दे. नाही तर परवा मी नांदेडला, भावाकडे. परत कधी, ते विचारू नका."

उदयला घाम फुटला. सासऱ्यांना सुचवायची सोय नव्हती. ते आपल्या लिखाणातला स्वल्पविरामही हलवू देत नसत. सासूबाईंना रिक्षात बसवून तो परत आला. 'स्कूटर घरात आली आणि माझे नशीब उघडले', एवढ्या एकाच ओळीत स्कूटर काढून तारामती घालायची, असं त्याने ठरवलं. सेडची, म्हणजे शब्द बदलायची आज्ञा दिली, पण घाईत ओळीचा क्रमांक द्यायचा राहिला. न वाचताच कागद छापून त्याने सासऱ्यांना पोचते केले.

दुसऱ्या दिवशी चिक्कडपल्लीला मंडळाचा हॉल भरला होता. इंग्रजी अक्षरांतली मराठी भगवंतराव अडखळत वाचत, त्यामुळे अर्थ त्यांना जरा मागून कळे.

"तारामती घरात आली आणि माझे नशीब उघडले."

बायका कुजबुजल्या. तारामतीबाईंनी मान खाली घातली. उदयचा जीव भांड्यात पडला.

"दर रविवारी तारामतीला मी स्वतः धुऊन पुसून लख्ख करी. संध्याकाळी तारामतीला टँकबंडवर तलावाकाठी फिरवून आणल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे. मात्र थंडीत तारामती तिरकी करून किक मारल्याशिवाय सुरू होत नसे."

बायकांचे पदर तोंडाला गेले. भगवंतरावांनी चष्मा काढून जावयाकडे पाहिलं. जावई पंख्याकडे पाहत होता.

घरी जाताना उदयने सासूबाईंपुढे सगळं कबूल केलं.

"किक आली तेव्हाच कळलं हो मला," त्या म्हणाल्या.

"मग नांदेड?"

"बघू रविवारी."

रविवारी संध्याकाळी भगवंतराव नल्लकुंट्याच्या घराच्या अंगणात आले, तर स्कूटरच्या मागच्या सीटवर तारामतीबाई इरकली नेसून बसलेल्या.

"कायकू?" भगवंतराव म्हणाले.

"टँकबंड. भर सभेत वाचलंय तुम्ही."

भगवंतरावांनी मुकाट्याने किक मारली. स्कूटर त्या दिवशी तिरकी न करताच सुरू झाली.