सोड्याला दुप्पट सिरका

रवींद्रने कपाटातून बायकोची, संघरत्नाची पांढरी साडी काढली. कमरेपाशी बोटांएवढे चार पिवळे डाग होते. दुसऱ्या दिवशी तिचा पहिला स्मृतिदिन होता, आणि विहारात दहावीतली लेक धम्मदिना आईची हीच साडी नेसणार होती.

"पप्पा, दुसरी नेसते ना."

"हीच नेसायची. बावीस वर्षं लूमच्या कापडावरचे डाग काढतोय मी. ह्यो काय डाग हाय?"

त्याने साबण लावला. डाग लाल झाला. यंत्रमागाच्या कारखान्यात तेलाचा डाग साबणाने निघाला नाही तर धुण्याचा सोडा लावतात. त्याने मूठभर सोडा चोळला. लाल रंग आणखी गडद झाला आणि पसरला.

"या अल्ला! रवीभाय, किसका खून किया?" शेजारच्या हमिदाभाभी गॅलरीतून ओरडल्या.

"पप्पा, हळद आहे ती," धम्मदिना म्हणाली. "आम्लारीत लालच होणार. साबण आम्लारी, सोडा तर त्याहून जास्त. आता आम्ल पाहिजे."

"मग आधी का न्हाय बोललीस?"

"तुम्ही बोलू दिलंत?"

हमिदाभाभींनी सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची बाटली दिली. धम्मदिनाने वहीत समीकरण संतुलित केलं. "सोड्याच्या एका रेणूला सिरक्यातल्या आम्लाचे दोन लागतात."

"म्हणजे दोन मुठी," रवींद्र म्हणाला. सिरका मुठीत राहीना, म्हणून त्याने बादलीत अख्खी बाटली ओतली. बादली फसफसली. फेस गॅलरीतून वाहत हमिदाभाभींनी वाळत घातलेल्या पापडांखाली शिरला.

"अरे, माझे पापड!"

पण डाग पुन्हा पिवळा झाला. धम्मदिनाने साडी खळखळून धुतली आणि उन्हात टाकली. संध्याकाळपर्यंत हळद उडाली. रवींद्रने कापड उजेडात धरून तपासलं. "पास!"

भिजून पुन्हा वाळलेले पापड वेचत हमिदाभाभी म्हणाल्या, "कितीदा सांगितलं संघरत्नाला, सफेद साडीला हात पुसू नको. पण त्या पौर्णिमेला तुम्ही आतून ओरडलात, भाजी आण म्हणून. चार बोटं पुसली नि धावली बिचारी. उद्या धुते बोलली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली तिला, ती काय परत आली न्हाय."

रवींद्र मोरीवर गेला, साबण ओला करून आणला आणि साडीच्या कमरेपाशी चोळू लागला.

"पप्पा, काय करताय? साफ आहे ती!"

"एखादं बोट लाल होतं का बघतो," तो म्हणाला.

तो बराच वेळ चोळत होता. साबणाचा फेसही पांढराच येत राहिला.