अर्धा गोल

भाच्याने मावशीच्या फाटकावर खडूने पूर्ण गोल काढला आणि तो पुढच्या घराकडे निघाला, तेव्हा मावशी शिवणयंत्रावरून उठून दारात आली.

"हे काय रे?"

"निवडणुकीची खूण आहे, मावशी. पूर्ण गोल म्हणजे आपलं घर. फुली म्हणजे त्यांचं. अर्धा गोल म्हणजे डळमळीत."

"मग आपला उमेदवार कुणाकडे जाणार?"

"अर्ध्या गोलाकडे. तुझ्याकडे येऊन काय करायचं? तुझं मत ठरलेलंच आहे."

भाचा पक्षाचं काम करत असला तरी मनातलं बोलून जायचा. म्हणूनच इतक्या वर्षांत तो खडूच्या पुढे सरकला नव्हता.

मावशीचा पक्ष हा लढाई नको म्हणणाऱ्यांचा पक्ष. निदान सत्तेवर येईपर्यंत तरी होता. मग लढाई सुरू झाली आणि पक्षाने परिस्थिती बदलल्याचं कळवलं. मावशीची परिस्थितीही बदलली. मुलगा आघाडीवर गेला आणि त्याची रजा दोनदा रद्द झाली. तिला एकच विचारायचं होतं, लढाई कधी थांबवणार? सभेत तिने हात वर केला, पण माइक शेजारून निघून गेला. कार्यालयात गेली तर प्रश्न चांगला आहे असं सगळे म्हणाले आणि चहा दिला.

अर्धा गोल म्हणजे उमेदवार घरी येतो, हे तिच्या डोक्यात बसलं. पक्षाचा खडू जरा तेलकट होता. ओल्या फडक्याने घासून तिने गोलाचा उजवा भाग काढून टाकला.

घड्याळं दुरुस्त करणारे तिचे यजमान डोळ्याला भिंग लावून बाहेर आले. "आपण डळमळीत कधी झालो?"

"आत्ताच."

"मला सांगायचं तरी."

समोरचे बसवाले काका हे सगळं कुंपणावरून बघत होते. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेल्या या माणसाचा नातूही आघाडीवर होता. "वहिनी, आमचंही अर्धं करा," ते म्हणाले. मग नर्सबाई आल्या, मग कोपऱ्यावरचा बेकरीवाला. बेकरीवाल्याने उत्साहात आपला गोल सगळाच पुसला, तेव्हा मावशीने कापडावर खुणा करायच्या आपल्या खडूने त्याला नवीन अर्धा काढून दिला. शिवणकामाने तिचा हात पक्का झाला होता, त्यामुळे तो पक्षाच्या गोलापेक्षाही सुबक दिसला. दुपारपर्यंत सगळी गल्ली डळमळीत झाली.

पहिल्यांदा धावून आला तो दुसरा पक्ष. त्यांची गाडी येऊन लढाई दुप्पट करण्याचं वचन कर्ण्यावरून देऊन गेली. ते ऐकून मावशीच्या पक्षात धावपळ उडाली. भाच्याला कार्यालयात बोलावलं.

"पक्की गल्ली हातची गेली कशी?"

"माहीत नाही, साहेब. विचारून येऊ?"

"विचारायला वेळ कुठे आहे?"

मग जाणकारांनी खोलीतच विचार केला. लोक डळमळले म्हणजे पक्ष लढाईत कमी पडतोय असं त्यांना वाटत असणार, असं ठरलं.

संध्याकाळी उमेदवार खरंच आला. मावशीने नवी साडी नेसली होती आणि प्रश्न मनात घोकून ठेवला होता. पण फाटकाशी उभं राहून आधी तोच बोलायला लागला.

"मावशी, अजिबात काळजी करू नका. आम्ही माघार घेणार नाही. लढाई आणखी जोरात होईल, हा माझा शब्द."

मावशीने फाटक घट्ट धरलं.

"माझा मुलगा आहे हो तिथे. मला लढाई थांबायला हवी. या गल्लीत सगळ्यांनाच."

उमेदवाराने मागे बघितलं. बसवाले काकांनी मान डोलावली. नर्सबाईंनीही.

"म्हणजे तुम्ही लढाई नको म्हणणारे?"

"हो."

"मग त्या पक्षाला मत द्यायचा प्रश्नच नाही?"

"त्यांना कशाला देऊ? त्यांना तर दुप्पट हवी आहे."

उमेदवाराचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्याने भाच्याच्या खांद्यावर थाप मारली. "अरे, ही तर आपलीच घरं. उगाच घाबरवलंस." मग मावशीला हात जोडले. "मुलाला माझा नमस्कार सांगा."

"सांगते. पण लढाई कधी..."

गाडी सुरू झाली होती.

भाचा मागे राहिला. सगळे गोल पुन्हा पूर्ण करायचे होते आणि त्याचा खडू संपला होता. खाली मान घालून तो म्हणाला, "मावशी, तुझा दे ना जरा."

मावशीने शिवणयंत्रावरचा खडू आणून दिला.

तो गल्लीच्या टोकाला जाऊन, खडू परत करून निघून गेल्यावर यजमान म्हणाले, "दिलास कशाला?"

"शिंपिणीचा खडू टिकण्यासाठी नसतोच," मावशी म्हणाली आणि कपड्यांचा ब्रश घेऊन फाटकाशी गेली. एका फटकाऱ्यात नवा अर्धा झडला. जुन्या अर्ध्यावर तिने ओलं फडकं फिरवलं. मग ब्रश आणि फडकं दोन्ही तिने समोर बसवाल्या काकांकडे दिलं.

सकाळी भाचा आला तो भांबावूनच. सगळ्या गल्लीत एकाही फाटकावर काही नव्हतं.

"मावशी, आता तुझं घर कुणाचं समजायचं?"

"माझ्या मुलाचं," मावशी म्हणाली. "तो आला की त्याला विचार. कधी येणार, ते तुझ्या साहेबांना विचार."

भाच्याने खिसे चाचपले. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो फाटक उघडून आत आला आणि मावशीसमोर बसला.