चालू गाडी, शून्य किलोमीटर

गुरुवारी सकाळी अकरा वाजता फोन वाजला, तेव्हा शांतादेवी पदराला हात पुसत धावल्या. त्यांच्या घरी फोन वाजणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. बंगळूरहून लेकीचा, शांभवीचा फोन यायचा तो रविवारी, तोही नातीच्या दोन क्लासांच्या मधल्या दहा मिनिटांत.

“नमस्कार, मी प्रेरणा बोलतेय, रस्ते-कर योजनेच्या ऑफिसातून. मॅडम, तुमचं मीटर बिघडलंय.”

दोन महिन्यांपूर्वी गाडीच्या स्टिअरिंगखाली एक काळी डबी बसवून गेले होते, तेच हे मीटर. पेट्रोलवरचा रस्त्याचा कर काढून टाकायचा आणि ज्याची गाडी जितकी धावेल तितका त्यानं रस्त्यासाठी द्यायचा, असं ठरत होतं. त्याआधी कोल्हापुरातल्या दोनशे गाड्यांवर ते करून बघायचं होतं. “आई, तुझं फिरणं कमी, तुझा फायदाच आहे,” म्हणत शांभवीनं बंगळूरला बसून आईचं नाव भरून टाकलं होतं.

“बिघडलंय म्हंजे?”

“तुमची गाडी रोज सव्वाआठला सुरू होते, पंधरा मिनिटं चालू राहते, आणि किलोमीटर शून्य. साठ दिवस शून्य. असं कसं होईल?”

असं कसं होईल ते शांतादेवींना पक्कं ठाऊक होतं. यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली होती. ‘बॅटरी उतरू देऊ नको’ एवढं ते दवाखान्यातूनही सांगत होते. म्हणून रोज इष्टलिंगाची पूजा उरकली की त्या गाडीत बसत, स्टिअरिंगला विभूती लावत आणि किल्ली फिरवत. गाडी गेटाच्या आत जागच्या जागी घरघरत राही. शांतादेवी काचेतून बंद गेटाकडे बघत बसत, मग किल्ली काढून घरात येत. गाडी चालवता येत नव्हती असं नाही. जायचं कुठं, तेवढंच कळत नव्हतं.

पण हे परक्या पोरीला कसं सांगायचं?

“मीटरच बिघडलं असंल बाई,” त्या बोलून गेल्या. “मी तर दर सोमवारी मलकापूरला जाते. माझ्या आक्काकडं.”

फोन ठेवला आणि त्यांचा हात कपाळाकडे गेला. सकाळी कपाळाला विभूती, आणि अकरा वाजता तोंडात खोटं! त्यांनी शेजारच्या शालूबाईंच्या झाडाची अकरा बेलपानं आणली, लिंगावर वाहिली आणि क्षमा मागितली.

मीटरची तक्रार नोंदली गेली. तक्रार चालू असेपर्यंत दर गुरुवारी फोन करायचा, हे प्रेरणाचं कामच होतं. पुढच्या गुरुवारी तिनं विचारलं, “मलकापूर सोडून आणि कुठं जाता?”

“हुपरीला. नातीचे पैंजण करायला टाकलेत.” पुन्हा अकरा पानं.

तिसऱ्या गुरुवारी प्रेरणा ऑफिसातलं मराठी विसरली. “काकू, जेवलासा का? मी आज डबाच विसरलीया बघा.” चौथ्या गुरुवारी शांतादेवी साडेदहालाच इस्त्रीची साडी नेसून फोनजवळ बसल्या. फोनवर साडी दिसत नाही, हे त्यांना माहीत होतं.

इकडे शालूबाई कुंपणावरून ओरडल्या, “अवो काकू, झाड बोडकं केलासा की! कसला एवढा नवस बोललाय?”

शांतादेवींनी नुसती मान हलवली. बोलल्या असत्या तर आणखी अकरा लागली असती.

तोवर ऑफिसनं दोनदा डबी बदलली होती. शून्य काही हलेना. शेवटी एका सोमवारी सकाळी डबी बसवणारा फिटर गुंडू स्वतःच दारात उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन, काखेत फॉर्म.

“चला काकू, सोमवार हाय. तुमच्या आक्कांकडं जाऊ या. मी शेजारी बसतो. तिथं पोचलो की आक्कांची एक सही घ्यायची, तुमी खरंच येतासा म्हणून. काय हाय, काही लोक मुद्दाम मीटर बंद पाडाय लागल्यात. त्यांच्यावर केस व्हायला लागलीया.”

शांतादेवी किल्ली आणायला आत गेल्या. आक्का त्यांची सख्खी थोरली बहीण. पण गेली सहा वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. आक्कानं लेकाची लग्नपत्रिका मोबाइलवर पाठवली होती. घरी येऊन अक्षता दिल्या नाहीत, म्हणून शांतादेवी लग्नाला गेल्या नव्हत्या. आक्कानंही मग विचारलं नव्हतं.

तीन वर्षांनी गाडी गेटाबाहेर पडली. शिवाजी पूल ओलांडेपर्यंत मागं रांग लागली. केर्लीजवळ एका सायकलवाल्यानं त्यांना मागं टाकलं.

“काकू, दर सोमवारी असंच जातासा?” गुंडूनं विचारलं.

“व्हय.”

“म्हंजे मंगळवारी पोचत असालसा.”

बांबवड्याच्या पुढं गाडी खड्ड्यात आदळली. “ह्यासाठीच चाललीया बघा सगळी स्कीम,” डोकं चोळत गुंडू म्हणाला. शांतादेवींना खड्डे दिसतच नव्हते. त्यांना आक्काचा उंबरा दिसत होता.

आक्कानं दार उघडलं. केस पार पांढरे झाले होते. ती बहिणीकडे बघत राहिली, बहीण चपलांकडे. त्या दोघींना सुचायच्या आत गुंडूनं फॉर्म पुढं केला.

“नमस्कार आक्का. मी मीटर तपासाय आलोय. ह्या दर सोमवारी तुमच्याकडं येत्यात न्हवं? न्हाई म्हटलासा तर ह्यांच्यावर केस हुतीया, म्हणून नीट सांगा.”

आक्कानं फॉर्म लांब धरून वाचला. मग पुन्हा बहिणीकडे पाहिलं. शांतादेवींनी डोळे मिटून घेतले.

“येती की,” आक्का म्हणाली. “दर सोमवारी येती. जेवल्याबिगर जात न्हाई. आण ते पेन.”

गुंडू पानावर बसला, तेव्हा आक्कानं बहिणीला स्वैपाकघरात ओढलं. “ह्या वयात खोटी सही करायला लावलीस मला. आता दर सोमवारी गुमान यायचं. न्हाईतर दोघींनाबी कळंब्याच्या जेलात एका खोलीत राहावं लागंल, आणि तू घोरतीस.”

त्या गुरुवारी प्रेरणाचा फोन आला. “काकू, मीटर बरोबर चाललंय. तक्रार बंद केली. आता तुम्हाला आमचा त्रास न्हाई.”

“बरं,” शांतादेवी म्हणाल्या.

पुढचे चार गुरुवार फोन वाजला नाही. सोमवार येई, मलकापूर होई, परत येऊन कुलूप उघडलं की घर तसंच शांत. पाचव्या गुरुवारी फोन वाजला.

“काकू, परत बिघडलं की ओ! सोमवारी ब्याण्णव किलोमीटर, आणि बाकीचे सहा दिवस गाडी सुरू, पण शून्य. साहेब म्हणत्यात मीटर अडकतंय.”

शांतादेवींनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं.

“मीटर बरोबर हाय गं,” त्या हळूच म्हणाल्या. “पहिल्यापासनं बरोबर हाय. बाकीचे दिवस मी नुसती बसते. गाडीत. हे चालवायचे ना. आता मला कुठं जायचंच नसतं.”

पलीकडं प्रेरणानं कीबोर्डवर काहीतरी बडवलं.

“काकू, मी काय करते, तक्रार चालूच ठेवते. बारीक बिघाड हाय, लवकर सापडायचा न्हाई. आणि चालू तक्रारीला दर गुरुवारी फोन करावाच लागतो. नियमच हाय.”

“ठेव की,” शांतादेवी म्हणाल्या. “आणि एखाद्या गुरुवारी उचलला न्हाई, तर घाबरू नको. कुठंतरी गेले असंन.”