भरपूर पाण्याने धुवावे

गोकुळ गुरुजींनी कानामागे ब्रशचा शेवटचा हात फिरवला, वाटी खाली ठेवली आणि पाकिटावरची सूचना पुन्हा एकदा वाचली : 'वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावे.' प्रश्न शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उत्तराला हात घालू नका, असं ते शाळेत पोरांना रोज सांगत. त्यांनी स्वतः सूचना शेवटपर्यंत वाचली होती. घरात पाणी आहे का, एवढंच बघायचं राहिलं होतं.

"जिजा, मोरीतला हंडा रिकामा कसा?"

"मंग भरलेला कुठून असंल? टँकर आला का अजून?"

"सकाळी शाळेत जाताना अर्धा होता. मी पाहिलाय."

"तो भिकाकाका घेऊन गेले." जिजा चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "देवळात मुखवट्यांचे रंग कालवाया पानी नव्हतं. म्हनलं, आपल्याच गणपतीचा रंग हाय, न्या." मग तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि हातातली भाकरी तव्यावर पडायची ती चुलीत पडली. "अगो बाई! ह्या काय करून ठेवलाय?"

"डाय लावलाय."

"डोक्यात चिरा पडल्यात न् वर डाय? डॉक्टरीणबाय काय बोलली व्हती?"

डॉक्टरीणबाई काय बोलली होती, ते गुरुजींना तोंडपाठ होतं. चार वर्षांपूर्वी डोक्यात जाड पांढरे खवले धरायला लागले, तेव्हा त्यांनी कोंडा समजून आधी लिंबू चोळलं, मग ताक चोळलं आणि शेवटी जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टर योगिता मॅडमपुढे डोकं वाकवलं. मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, हा सोरायसिस. पुरता जात नाही, पण सांभाळला तर मुठीत राहतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मलम लावा, हा शाम्पू वापरा, खपल्या नखांनी काढू नका. केस रंगवायचेच असले तर डोकं शांत असताना, आणि आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट बघायची. चिरा असतील तर डायच्या पाकिटाला हातसुद्धा लावायचा नाही." गुरुजींनी हे सगळं सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतलं होतं. पण वही कपाटात होती आणि दोन दिवस त्यांच्यापाशी नव्हते.

कारण उद्या माप होतं. सूर्यमाळच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या तेवीस घरांच्या पाड्यात बोहाडा पाच दिवसांवर आला होता. बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे चढवून नाचायचं. त्याला सोंग म्हणतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराचं, हे वाडवडिलांपासून ठरलेलं. पहिलं सोंग गणपतीचं, ते गुरुजींच्या बापाचं. बाप गेला तेव्हा गुरुजी लांब तलासरीकडच्या शाळेत होते, म्हणून पाच वर्षं भिकाकाकांनी ते नाचवलं. गावचे सगळे मुखवटे काकांच्याच राखणीत असत. यंदा बदली होऊन गुरुजी घरी आले आणि त्यांच्याबरोबर गणपतीही घरी आला. मापाच्या दिवशी देवळापुढे साऱ्या गावासमोर उघड्या डोक्याने बसायचं आणि काका मुखवटा चढवून दोऱ्या जुळवणार, अशी रीत होती.

गावाने ते खवले पाहिले की पुढे काय होणार, हे गुरुजींनी मनातल्या मनात शंभरदा पाहिलं होतं. कोणीतरी म्हणणार, 'मास्तरच्या डोक्याला रोग हाय.' मग त्यांनी घातलेल्या मुखवट्यात दुसरा कोणी डोकं घालणार नाही आणि बापाचं सोंग चुलतभाऊ जगनच्या घरी जाणार. 

डायचं पाकीटही जगननेच दिलं होतं. मोखाड्याहून येताना तो आपणहून ओटीवर थांबला. "गोकुळदादा, सोंग घ्यायचा तर केस काळे पायजेत. मी तर कवापासून लावतोय, काय होत नाय." त्याचे केस खरंच कढईच्या बुडासारखे काळेभोर होते. तेव्हा गुरुजींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. पण खवले पांढरे, केस पांढरे, दोन्ही एकदम काळे झाले तर कोणाला काय कळतंय, या हिशेबापुढे पालीचं काही चाललं नाही.

पंधराव्या मिनिटाला डोकं चुरचुरायला लागलं. विसाव्याला आग होऊ लागली. जिजाने प्यायच्या तांब्यातलं उरलंसुरलं पाणी ओतलं, पण तेवढ्याने काही निघालं नाही. वाळत आलेला डाय पुन्हा ओला झाला आणि मानेपर्यंत खाली उतरला. गुरुजींनी जुन्या धोतराने डोकं पुसलं, तर खपल्या उचकटून आग दुप्पट झाली. मागच्या ओहोळाकडे धावावं म्हटलं, तर ओहोळात होळीपासून नुसते गोटे होते. शेजारी मागावं, तर शेजारचे हंडेही उपडेच असणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पाड्याच्या पाण्याची यादी त्यांच्याच हातात होती.

एवढ्यात चढणीवरून भोंगा वाजला. टँकर आला. "देव पावला!" म्हणत गुरुजींनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, यादीची वही काखेत मारली आणि विहिरीकडे धूम ठोकली.

अर्ध्या वाटेवर त्यांना स्वतःचाच नियम आठवला. यंदा उन्हाळा लागताच दोन बायकांत हंड्यावरून झोंबाझोंबी झाली, तेव्हा गुरुजींनीच नियम घालून दिला होता : घरटी दोन हंडे, नंबराने. नंबर सोडून थेंब मिळणार नाही, घरात आजार असो की लग्न. आणि मास्तराने उदाहरण घालून द्यावं म्हणून स्वतःच्या घराचा नंबर त्यांनी सगळ्यांत शेवटी लिहिला होता. तेविसावा. त्या वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

टँकर विहिरीत रिता झाला होता आणि काठावर सगळी घरं जमली होती. माणसांना हंडे, हंड्यांना माणसं खेटून उभी होती. गुरुजींनी वही उघडली आणि पाढे म्हणावेत तशी नावं म्हणायला सुरुवात केली.

"एक, माघी. दोन, गौरा. तीन... लवकर भरा! चार, काळी!"

"आवो गुरुजी, तीनची भरतेय अजून," माघी म्हणाली. "आज कसली घाई?"

"पुढं चला, पुढं चला!"

चारचा हंडा अजून विहिरीतच होता. पाचव्या नंबराला धोंडीबाई. गुरुजींच्या बापाची ही चुलतबहीण सत्तरीची होती आणि तिच्या जिभेला अख्खा पाडा टरकून असे. मागच्याच आठवड्यात व्यालेल्या गाईसाठी तिने अर्धा हंडा जास्त मागितला होता आणि गुरुजींनी तिला नियम वाचून दाखवला होता. आपले दोन हंडे भरून तिने कमरेवर हात ठेवला आणि गुरुजींच्या कपाळाकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं.

"गुरुजी, माणसाचा घाम काळा कवापासून व्हाया लागला?"

टॉवेलाखालून दोन काळे ओघळ निघून, भुवया ओलांडून, नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली येत होते. पोरं खिदळली. गुरुजींनी ते हाताने पुसले, त्यामुळे तोंड पुरतं रंगलं. आता आग थेट मेंदूत शिरल्यासारखी वाटत होती. वहीतली अक्षरं नाचायला लागली. सहा नंबराला कोण, ते काही केल्या दिसेना.

"आत्या," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले, "एक हंडा देतेस?"

"नंबर किती तुमचा?"

"तेवीस."

"मंग?" धोंडीबाईने सगळीकडे नजर फिरवली. "नेम काय हाय? आजार असो का लगीन..."

"आत्या, जीव जातोय गं!"

हे त्यांच्या तोंडून असं काही निघालं की पोरांचं हसणं थांबलं. धोंडीबाई दोन पावलं पुढे आली आणि तिने टॉवेल ओढून काढला.  डोकं लालबुंद सुजलेलं, त्यावर काळे पडलेले खवल्यांचे चट्टे, मधल्या चिरांतून लस आलेली. ज्या दिवसाची गुरुजींना चार वर्षं धास्ती होती तो असा भर दुपारी, मापाच्याही एक दिवस आधी, उजाडला.

"ह्याला सोरायसिस म्हणतात," गुरुजी घाईघाईने, जणू तपासनिसापुढे धडा म्हणावा तसं बोलू लागले. "हा लागत नाही कोणाला. खरंच सांगतो. मी पोरांना..."

"आदी धू, मंग शिकव!" असं म्हणून धोंडीबाईने आपला भरलेला हंडा उचलला आणि सगळाच्या सगळा त्यांच्या डोक्यावर रिता केला.

ते गार पाणी डोक्यावरून पाठीवर उतरलं, तेव्हा गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यात मिसळून गेलं, म्हणून कोणाला कळलं नाही. आत्याने दुसराही हंडा ओतला. मग माघी आली, गौरा आली, काळी आली. कोणी नंबर विचारला नाही. सहाव्या हंड्याला पाणी काळ्याचं करडं झालं, नवव्याला नितळ झालं. आग बसली. गुरुजी विहिरीच्या कठड्याला टेकून, भिजलेल्या कोंबड्यासारखे, नुसते श्वास घेत राहिले. डोकं आपलं असूनही दुखत नाही, यासारखं सुख नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

आता सगळं उघडं पडलंच होतं. ओलेत्यानेच त्यांनी भिकाकाकांपुढे हात जोडले. काका रंगाने माखलेल्या हातांनी देवळातून तसेच धावत आले होते.

"काका, सोंग जगनला द्या. माझ्या डोक्याला लागलेला मुखवटा उद्या दुसरा कोणी घालायचा नाही. मला राग नाही कोणाचा."

भिकाकाका पुढे आले. त्यांनी गुरुजींचं मनगट धरलं आणि त्यांना देवळात नेलं. मागोमाग सगळं गाव गेलं. ओल्या रंगाचा गणपती भिंतीला टेकून वाळत होता. काकांनी तो सांभाळून उलटा केला आणि आतली बाजू पुढे धरली. आत मऊ, विटलेल्या, हिरव्या लुगड्याचं अस्तर बारीक टाक्यांनी शिवलेलं होतं.

"ह्या लुगडा कोनाचा वळखतोस?"

गुरुजींनी बोट लावून पाहिलं. काठ ओळखीचा होता. "आईचं."

"तुझ्या बापानं डोक्याचा फडका कवा सोडलेला बघलास? त्याच्या डोक्याला ह्याच खपल्या. मुखवटा घातला की रगत यायचा. मंग तुझ्या आयशीनं तिचा लुगडा फाडला न् इथं बसून शिवला. सगळ्या मोठ्या माणसांना ठावं व्हता. तुला कोन सांगनार? तू शिकाया गेलेला." काकांनी डोक्यावरची टोपी काढली. आत नारळासारखं गुळगुळीत टक्कल होतं. "त्याच्यामागं पाच वरसं मी घातला. लागनारा रोग असता तं मला खपल्या लागल्या असत्या. माझा तं केसही ऱ्हायला नाय!"

सगळं गाव हसलं. गुरुजीही हसले, आणि हसता हसता त्यांनी अस्तरावरून पुन्हा हात फिरवला. आईने हे टाके कुठे बसून घातले असतील, ते त्यांना दिसत होतं. धोंडीबाई म्हणाली, "माप उद्याच्याला नको. डोका बरा झाल्याबिगर मुखवटा चढवायचा नाय. अजून पाच दिस हायती. आनि गुरुजी, माझ्या गाईचा अर्धा हंडा?"

"आत्या, तुला रोज एक जास्त."

जिजाने एव्हाना डॉक्टर मॅडमना फोन लावला होता. मॅडमनी आधी मनसोक्त झापलं, मग विचारलं, "डोळे सुजलेत का? श्वासाला त्रास?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "पुन्हा पाण्याने धुवा, वर काही चोपडू नका. मी चारला दवाखान्यात बसते, जमलं तर आज या, नाहीतर उद्या सकाळी."

"उद्या जाऊ," गुरुजी म्हणाले. आता त्यांना कसलीच घाई नव्हती.

"उद्या नाय, आत्ताच!" गर्दीतून जगन पुढे आला. सोंग हातचं गेलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता. "दादा, पाकीट मी दिला. मीच नेतो. बस गाडीवर."

जव्हारपर्यंतच्या घाटात जगनने मोटारसायकल अशी हाणली, की मागे बसलेल्या गुरुजींना त्याच्याबद्दल आलेल्या सगळ्या शंकांची लाज वाटली. बिचारा आपल्यासाठी जिवावर उदार झालाय आणि आपण त्याला काय काय समजलो. वाटेत जगन एकदाच बोलला, तेही मान न वळवता : "दादा, ती डॉक्टरीन एकेकाला आतमंदी घेऊन बघते, का सगळ्यांसमोर?"

"एकेकाला. पडदा असतो."

"बरं हाय."

दवाखान्याच्या खिडकीपाशी रांग नव्हती. आतल्या बाईने पेन उचललं. "केसपेपर किती?"

गुरुजी एक म्हणायला तोंड उघडणार, तोच जगनने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. घामाने त्याचे काळेभोर केस मागे चिकटले होते आणि दोन्ही कानांमागून, मानेवरून, थेट कॉलरच्या आत खवल्यांचे जाड पट्टे उतरत गेले होते. ते लपवायला त्याने गेली सहा वर्षं डायचं एकही पाकीट चुकवलं नव्हतं. त्याने एकदा भावाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खिडकीत वाकून म्हणाले, "दोन द्या. एकाच घरातले आहोत."