पदसिद्ध पिता

जन्माला आई पुरते. जन्माच्या नोंदीला मात्र बाप लागतो. या थोर तत्त्वावरच जगातली सगळी दफ्तरं उभी आहेत.

आमच्या प्राणिसंग्रहालयातली अजगराची मादी नऊ वर्षं काचेआड एकटी राहत होती. एके सकाळी तिने अंडी घातली आणि यथावकाश सात पिल्लं बाहेर आली. सर्पगृह सांभाळणाऱ्या बाईंनी रीतसर फॉर्म भरला. पित्याचा रकाना कोरा राहिला. फॉर्म परत आला.

पशुवैद्यांनी अधीक्षकांना समजावलं, "साहेब, कोंडलेल्या सापांत क्वचित होतं असं. हिला नराची गरजच लागली नाही."

"गरज नव्हती, हे मान्य," अधीक्षक म्हणाले. "पण तो होता कुठे?"

त्याच्या शोधासाठी पाच पुरुषांची समिती नेमली गेली (विषय मातृत्वाचा, तेव्हा जाणकार माणसं हवीत). समितीने काचेच्या फटी मोजल्या. "नराला आत कुणी सोडलं?" असं बाईंना अकरा वेळा विचारलं. सर्वांत जवळचा नर अजगर शेजारच्या दालनात पेंढा भरून ठेवलेला आढळला. त्याला संशयाचा फायदा देण्यात आला.

नोंद नाही, म्हणून पिल्लांना खुराक नाही. बाई ओळखीपाळखीच्या घरांचे माळे धुंडाळून उंदरांची पिल्लं डब्यातून आणू लागल्या. ती सहांना पुरली. सातवं मेलं. (जन्मच नोंदलेला नसल्याने मृत्यू घडलेला नाही, असा शेरा आहे.)

बाई ते ओंजळीत घेऊन थेट अधीक्षकांच्या टेबलाशी गेल्या. "साहेब, मरताना याला बापाचं नाव कुणी विचारलं नाही. जगायलाच कसं लागतं हो?"

अधीक्षकांनी टेबलावरचे कागद जरा अलीकडे ओढून घेतले. पण दुपारी समिती बसली आणि एकमताने तोडगा निघाला: पिता अज्ञात असल्यास कार्यालयप्रमुख हाच पदसिद्ध पिता. अधीक्षकांनी सही केली, खुराक सुटला. पुढे या पितृत्वाबद्दल त्यांचा सत्कार झाला. "एवढ्या जणांचं करायचं म्हणजे सोपं नसतं," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. बाई तेव्हा आत काच धूत होत्या.

आता तिथे पितळी पाटी आहे: 'पिल्लं सहा. पिता: अधीक्षक.' लोक वाचतात, हसतात आणि बाईंना हळूच विचारतात, "पण खरा कोण हो?"

पिल्लांच्या आईचं बाईंनी पहिल्याच दिवशी एक छान नाव ठेवलं होतं. ते अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.